फाटकाची किल्ली

झुल्मिरा, तुझ्याकडेही येतील ते.
माझ्याकडे आले तेव्हा मार्च होता,
आलेंतेजूच्या माळावर पिवळी फुलं गुडघ्याएवढी,
आणि तो पोरगा, त्रिश्ताव, इतका नम्र
की कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं.

म्हणाला, दोन रात्री. दोनशे माणसं. थोडं संगीत.
जमीन तशीही पडूनच आहे, नाही का, आजी?
पडूनच होती. बुचाचे ओक तेवढे उभे,
खोडांवर पांढऱ्या रंगात आकडा: चार.
चारच्या साली सोललेले, पुन्हा नऊ वर्षांनी.
मधल्या काळात झाडाला हात लावायचा नाही
हे आम्हाला चालता यायच्या आधी कळतं.
कागदाला हात लावताना थांबायचं,
ते कुणी सांगितलंच नाही.

कागद एकच पान.
वर लिहिलेलं, 'खाजगी मेजवानी'.
अडीच हजार युरो, लिफाफ्यात, रोख.
मी सही केली आणि फाटकाची किल्ली दिली.
दोन्हींत महाग काय पडलं
ते सांगते.

दोनशेचे अठराशे कसे झाले, विचारू नकोस.
आवाज कानातून आला नाही, जमिनीतून आला.
फडताळात बरणीतलं तेल थरथरत होतं,
त्यावर बारीक वर्तुळं.
दोन डोंगर पलीकडे ओर्लांदूच्या मेंढ्यांनी
कुंपण मोडलं, तीन गाभडल्या.
त्याचा दावा पहिला आला.

मग आवाजाचा दंड. परवाना नव्हता,
आणि परवाना मागायचा असतो जमीनमालकाने.
मग झाडांचा. दिवे टांगायला
ओकांत खिळे ठोकलेले, वीतभर लांब.
आमच्याकडे ओक तोडायला सरकारची परवानगी लागते;
मारायला लागत नसावी, असं वाटलं असेल त्यांना.

आणि मग तो डच पोरगा, यॉरिट.
जुनी विहीर, वर फळ्या टाकलेल्या,
मला ठाऊक, तुला ठाऊक, कुत्र्याला ठाऊक.
त्याला कोण सांगणार?
दोन मणके. चालतो आता, काठीने.

विमावाल्याने फोनवर कलम चौदा वाचून दाखवलं:
जमिनीचा वापर शेतीचा असेल तरच.
मी म्हटलं, मेंढ्याही नाचतात कधीकधी.
तो हसला नाही.

त्रिश्तावची कंपनी शोधली.
पोर्तूमधली एक टपालपेटी निघाली,
तीही भाड्याची.

कोर्टात वकीलबाईंनी मला एवढंच विचारलं,
"बाई आदोझिंदा, फाटक कुणी उघडलं?"
मी पोलिसांचं सांगू लागले, त्या लिफाफ्याचं,
त्या पोराच्या नम्रपणाचं.
त्या थांबल्या. पुन्हा विचारलं.
पाणी न मागता माझा घसा कोरडा झाला.
मी, म्हटलं. किल्ली माझी होती.
कारकुनाने ते टाइप केलं. तीनच अक्षरी शब्द असल्यासारखं,
टक टक टक.

खालचं शेत विकलं, ओढ्याकडचं.
तुला दिसतं ना आता तिथे ते सोलरचं निळं?
ते माझं दुखणं आहे, विकत घेतलेलं,
आणि मग विकलेलं.

नाही म्हण, असं मी म्हणत नाही.
तुझ्या बोअरची मोटर जळलीय, मला माहीत आहे,
आणि लिफाफा हातात जड लागतो.
पण विहिरीवर आधी सिमेंटचं झाकण घाल.
त्यांचा विमा बघायला माग, मूळ कागद,
आणि तो एव्होरातल्या वकीलबाईंकडे ने, त्याच त्या.
आता त्या माझ्याकडून चहासुद्धा घेत नाहीत, मैत्रीण आहेत.

एक गोष्ट कोर्टात सांगितली नाही.
दुसऱ्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला,
विहिरीचं व्हायच्या तासभर आधी,
मी शाल घेऊन कुंपणाशी उभी होते.
इतकी माणसं माझ्या जमिनीवर
आमच्या लग्नालाही आली नव्हती.
आणि हा पाय, झुल्मिरा, हा दुखरा,
आपला आपण ताल धरत होता.

ते येतील तेव्हा
कुत्र्याला बांधू नकोस.